उष्णकटिबंधीय बेटांमधून नौकेने फिरताना स्नॉर्केलिंग आणि मासेमारीचा एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या नौकेतून बेटाबेटांमध्ये फिरणाऱ्यांना एकाच दिवसात दोन मोह पडतात. एक म्हणजे मुखवटा आणि श्वास घेण्याची नळी लावून प्रवाळांवर तरंगत राहण्याचा, म्हणजे स्नॉर्केलिंगचा, आणि दुसरा म्हणजे गळाला लागलेला ताजा मासा रात्रीच्या जेवणात असण्याचा. हे दोन्ही एका दिवसात आनंदाने करता येते, मात्र दोन्हींची जागा वेगळी आहे आणि वेळही वेगळी आहे. प्रवाळांवर फक्त पाहावे आणि मासा खोल, मोकळ्या पाण्यात धरावा, हे माझे ठाम मत आहे. त्यामागे सुरक्षितता, आरोग्य आणि समुद्राची काळजी अशी तिन्ही कारणे आहेत. नौकेवर पहिल्यांदाच येणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

आधी मासेमारी करावी की स्नॉर्केलिंग?

आधी मासेमारी करावी. एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडे जाण्यासाठी पहाटे उजाडता उजाडता नांगर उचलावा आणि नौका खोल पाण्यात आली की मागे दोर सोडावेत. मोकळ्या समुद्रातले मासे पहाटे आणि संध्याकाळी अधिक हालचाल करतात, त्यामुळे प्रवासाचे पहिले दोन तास बहुधा सर्वांत फलदायी ठरतात. सूर्य पुरेसा वर आल्यावर, म्हणजे साधारण दहाच्या पुढे, पुढच्या बेटाच्या आडोशाला पोहोचावे, नांगर टाकावा आणि मग पाण्यात उतरावे. हा क्रम उलटा केला तर दोन्हीकडे नुकसान होते. सकाळच्या तिरप्या उजेडात पाण्याखालचे रंग दिसत नाहीत आणि दुपारच्या भर उन्हात गळाला मासा क्वचितच लागतो.

सूर्य वर येण्याची वाट पाहण्याइतके महत्त्व त्याला का?

कारण प्रवाळांच्या पाण्यात नौकेची वाट डोळ्यांनी शोधावी लागते. अनेक दूरच्या बेटांचे नकाशे जुन्या सर्वेक्षणांवर आधारलेले आहेत, त्यामुळे उपग्रहावरून कळलेले आपले स्थान अचूक असले तरी नकाशावरचा खडक त्याच जागी असेल याची खात्री नसते. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असला की पाणी स्वतःच आपली खोली सांगू लागते. गडद निळे पाणी खोल असते, फिरोजी रंगाखाली उथळ वाळू असते, पिवळट किंवा तपकिरी छटा दिसली की खडक अगदी वर आलेला असतो आणि पांढऱ्या वाळूतला एकटा काळसर डाग बहुतेक वेळा प्रवाळाचा उंचवटा असतो. ढगाची सावली हुबेहूब तशाच डागासारखी दिसते, पण ती सरकते, म्हणून शंका आल्यास वेग कमी करून दोन मिनिटे थांबावे. पोलराइज्ड काचेचा चष्मा लावलेला एक माणूस नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभा ठेवावा. सूर्य समोर असताना किंवा दुपारी उशिरा अनोळखी प्रवाळभिंतीत शिरू नये. बाहेर रात्र काढावी लागली तरी चालेल.

नांगर कुठे आणि कसा टाकावा?

नांगर फक्त वाळूत टाकावा. ढिगासारखी गोल वाढणारी प्रवाळे वर्षाला काही मिलिमीटर ते दीडदोन सेंटिमीटर एवढीच वाढतात, त्यामुळे नांगराच्या साखळीने एका रात्रीत जे तुटते ते भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. जिथे नौका बांधण्यासाठी कायमचे बोये बसवलेले असतात, तिथे तेच वापरावेत.

साखळीची लांबी मोजताना पाण्याच्या खोलीत नौकेच्या नाळेची उंचीही धरावी. पाणी 5 मीटर आणि नाळ पाण्यापासून 1 मीटर वर असेल तर हिशेब 6 मीटरचा होतो, आणि त्याच्या पाचपट म्हणजे 30 मीटर साखळी सोडावी लागते. साखळीऐवजी बहुतांश दोर असेल तर सातपट सोडावा. भरतीने पाणी किती चढणार आहे तेही यात मिळवावे. त्यानंतर स्नॉर्केलिंगची पहिली फेरी नांगराकडेच काढावी. साखळीच्या वरून तरंगत जाताना नांगराची पाती वाळूत पूर्ण रुतली आहेत की नुसती टेकली आहेत, साखळी एखाद्या प्रवाळाला घासते आहे का, हे मुखवट्यातून स्पष्ट दिसते. नांगर आडवा पडलेला दिसला तर वर येऊन तो पुन्हा टाकावा. पाण्याखालची मजा त्यानंतर निर्धास्तपणे घेता येते.

पाण्यात उतरण्याची योग्य वेळ कशी ठरवावी?

वेळ घड्याळाकडे पाहून ठरवू नये, ती भरती-ओहोटीवरून ठरवावी. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी काही काळ जवळजवळ स्थिर असते. तो काळ सर्वांत चांगला. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा प्रवाह अधिक जोरदार असतात. कंकणाकृती बेटांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या काठावरची प्रवाळभिंत मात्र वर वाढत राहते, त्यातून मधोमध सरोवर असलेले कंकण तयार होते, असे चार्ल्स डार्विन यांनी 1842 मध्ये मांडले होते. 1952 मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे खोदकाम केले तेव्हा सुमारे 1400 मीटर जाडीच्या प्रवाळी चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि ते अनुमान खरे ठरले. नौकेवरच्या माणसासाठी यातला व्यवहाराचा भाग असा, की त्या सरोवरात साठलेले पाणी ओहोटीला मोजक्याच खिंडींतून बाहेर धावते. अशा खिंडीत ओहोटीच्या वेळी कधीही उतरू नये, कारण तो प्रवाह पोहणाऱ्याला सरळ मोकळ्या समुद्रात नेतो.

कुठेही उतरण्याआधी नौकेच्या मागे 20 ते 30 मीटर लांबीचा, टोकाला बोया बांधलेला तरंगता दोर सोडावा. तो किती ताणला जातो आणि कोणत्या दिशेला, यावरून प्रवाह कळतो. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध पोहावे, म्हणजे दमलेल्या अवस्थेत परतताना पाणीच आपल्याला नौकेकडे आणते. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा हा दोर न सोडताच पाण्यात उडी मारली होती. खालच्या माशांकडे पाहत दहा मिनिटे सुखाने तरंगलो आणि मान वर केली तेव्हा नौका दूरवर, जेमतेम हातभर लांबीची दिसत होती. छोट्या होडीतून सोबती घ्यायला आला म्हणून निभावले. त्या दिवसापासून दोर आधी आणि माणूस नंतर, असा क्रम आमच्या नौकेवर पाळला जातो.

मुखवटा सतत गळतो आणि धुरकट होतो. उपाय काय?

मुखवटा निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याला बसतो. गळतीचे नेहमीचे कारण म्हणजे कडेखाली अडकलेले केस किंवा मिशी, आणि दुसरे म्हणजे गळू नये म्हणून अतिशय घट्ट ओढलेला पट्टा, कारण त्याने सिलिकॉनची कड दुमडते. नव्या मुखवट्याच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या टूथपेस्टने आतून दोन-तीन वेळा घासून काढावा. पुढे प्रत्येक वेळी कोरड्या काचेला आतून थुंकी चोळून पाण्यात एकदा विसळली की धुके धरत नाही.

श्वास घेण्याची नळी अधिक लांब असती तर अधिक खोल जाता आले असते, असे पुष्कळांना वाटते, पण ते शक्य नाही. अर्धा मीटर खोलीवरसुद्धा पाण्याचा दाब छातीवर इतका असतो की पृष्ठभागावरची हवा ओढणे जड जाते, शिवाय लांब नळीत आपलीच वापरलेली हवा साचून पुन्हा फुप्फुसात येते.

पोहता येत नसेल तर?

तरंगण्याचे जाकीट घालून, नौकेला बांधलेल्या गोल कड्याला धरून, शांत आणि उथळ पाण्यात सोबत्याबरोबर पाहता येते. फक्त तोंडाने श्वास घेण्याची सवय आधी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून करावी. ज्याला हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात कोणीही असताना इंजिन सुरू करायचे नाही आणि नौकेवर एक जबाबदार माणूस कायम पहाऱ्याला ठेवायचा, हे दोन नियम सर्वांसाठी आहेत, पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठीही.

श्वास रोखून खाली जाण्याआधी जोरजोरात श्वास घ्यावेत का?

मुळीच नाही. या पानावरचे एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे. श्वास घेण्याची तीव्र इच्छा होते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जोरात आणि भराभर श्वास घेतल्याने हा वायू बाहेर टाकला जातो, पण रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही. म्हणजे धोक्याची घंटाच उशिरा वाजते. त्यात भर अशी, की 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि वर येताना तो झपाट्याने उतरतो, त्याबरोबर ऑक्सिजनचा दाबही उतरतो आणि पृष्ठभागापासून हातभर अंतरावर माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपतो. हे चांगल्या, तरुण, दमदार पोहणाऱ्यांच्या बाबतीत होते. म्हणून दोघांनी जोडीने उतरावे. एक खाली असताना दुसऱ्याने वर राहून त्याच्यावर नजर ठेवावी, आणि तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहत राहावे.

कान दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे आणि दाब सारखा करावा. कान मोकळे होत नसतील तर त्या दिवशी वरूनच पाहावे.

उन्हापासून संरक्षणासाठी कोणते मलम वापरावे?

सर्वांत उत्तम मलम म्हणजे लांब बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा सदरा. पाठ आणि पोटऱ्यांचा मागचा भाग तासन्‌तास वर राहतो आणि पाण्याच्या गारव्यामुळे भाजणे कळत नाही, म्हणून कापडच विश्वासाचे. उरलेल्या भागासाठी झिंक ऑक्साइडचे मलम घ्यावे आणि ते पाण्यात उतरण्याच्या बरेच आधी लावावे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट ही दोन द्रव्ये असलेल्या मलमांच्या विक्रीवर हवाईमध्ये 1 जानेवारी 2021 पासून बंदी आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटदेशाने त्याच्या एक वर्ष आधीच ऑक्सिबेन्झोनसह अनेक द्रव्यांना मनाई केली.

पाण्याखाली कोणत्या प्राण्यांपासून जपावे?

काहीही हाताळायचे नाही आणि कुठेही उभे राहायचे नाही, एवढे पाळले तर बहुतेक धोके उरत नाहीत. स्टोनफिश हा मासा शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत तीव्र विष असते, म्हणून उथळ पाण्यातून चालताना जाड तळव्याची पादत्राणे घालावीत. स्टोनफिश किंवा लायनफिशचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे 45 अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना बऱ्याच कमी होतात, मात्र त्यानंतर वैद्यकीय मदत घ्यावीच लागते. पाणी दुसऱ्या हाताने तपासावे, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. पेटी जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर ओतावे आणि मदत मागवावी. अग्निप्रवाळ पिवळट, गुळगुळीत आणि निरुपद्रवी दिसते. ते खऱ्या प्रवाळांपेक्षा जेलीफिशच्या अधिक जवळचे आहे आणि नुसत्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठवते.

शार्क दिसला तर काय करावे?

शांत राहावे, त्याच्याकडे तोंड ठेवावे आणि सावकाश नौकेकडे यावे. प्रवाळांवर दिसणारे लहान शार्क बहुतेक वेळा आपल्यापासून दूरच जातात. पण रक्ताचा वास मिसळला की त्यांची वागणूक बदलते, आणि मासेमारी व पोहणे एकत्र करू नये असे मी म्हणतो त्याचे हे पहिले कारण आहे. लोक पोहतात त्या ठिकाणी मासा साफ करून आतडी पाण्यात टाकू नयेत. ते काम खोल पाण्यात, नांगर टाकण्याआधीच उरकावे.

चालत्या नौकेतून मासेमारीसाठी काय लागते?

वाटते त्यापेक्षा फार कमी लागते. जाड नायलॉनचा 40-50 मीटर दोर, त्याच्या नौकेकडच्या टोकाला झटका सोसणारा रबरी दोर, पुढे दोनेक मीटर बळकट तार किंवा जाड धागा, आणि शेवटी स्क्विडसारखे दिसणारे रंगीत आमिष व गळ. नौकेचा वेग 5 ते 7 नॉट (ताशी सागरी मैल) असला की आमिष पाण्याच्या पृष्ठभागाजवळ जिवंत असल्यासारखे धावते. टूना, माही-माही आणि वाहू हे मासे असेच लागतात. आशियाई पाण्यात सुरमईसुद्धा लागते. समुद्राचा तळ जिथे एकदम खोल उतरतो त्या कडेने नौका न्यावी, आणि पक्षी एकाच जागी घिरट्या घालत सूर मारत असतील तर त्या थव्याच्या मधून न जाता कडेने जावे, नाहीतर खालचा मासा बुडी मारतो. दोर कधीही हाताला गुंडाळू नये. हातमोजे घालून ओढावा.

मासा वर आणल्यावर पुढे काय?

नौका हळू करावी, आकड्याने मासा आत घ्यावा, त्याच्या कल्ल्यांत थोडे मद्य ओतले की तो लगेच शांत होतो, आणि मग मेंदूवर एकच नेमका घाव घालून त्याचा जीव घ्यावा. तडफडत ठेवू नये. माही-माही पहिल्यांदा धरणाऱ्याला एक गोष्ट चटका लावून जाते. पाण्यातून वर येताना तो सोनेरी, हिरवा आणि निळा असा झळकत असतो. जीव जाताना त्या रंगांच्या लाटा अंगावरून सरकत जातात आणि काही मिनिटांत तो राखाडी पडतो. ते दृश्य पाहिलेला माणूस गरजेपेक्षा दुसरा मासा सहसा धरत नाही. एका जेवणापुरता मासा मिळाला की दोर गुंडाळून ठेवावेत.

टूनाचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार असते, म्हणून त्याचे रक्त ताबडतोब वाहू द्यावे आणि तो बर्फात ठेवावा. टूना, माही-माही आणि सुरमई यांसारखे मासे उन्हात राहिले तर जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामाइन तयार होते. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. शिजवल्याने हिस्टामाइन नष्ट होत नाही, म्हणून मासा धरल्यापासून 4 अंशांच्या आसपास थंड ठेवणे हाच उपाय आहे.

नांगरलेल्या नौकेवरून प्रवाळांतले मासे धरून खाल्ले तर काय बिघडते?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो, आणि माझे उत्तर नेहमी एकच असते: धरू नयेत. त्याचे कारण सिग्वाटेरा नावाची विषबाधा हे आहे. मृत प्रवाळांवर आणि शेवाळांवर गॅम्बिअरडिस्कस नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. शेवाळ खाणाऱ्या माशांच्या अंगात त्यांचे विष जाते, त्या माशांना खाणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत ते साठत जाते, आणि शेवटी बराकुडा, वाम, मोठा हेकरू किंवा तांबोशी यांच्यातून ते माणसापर्यंत पोहोचते. या विषाला चव नाही, वास नाही. शिजवून, गोठवून किंवा खारवून ते जात नाही. उलट्या आणि जुलाब थांबल्यावरही हातापायांना मुंग्या येत राहतात, आणि या विषबाधेची खास खूण अशी की थंड वस्तूचा स्पर्श जळजळीत लागतो. हा त्रास आठवडे, कधी महिनेही टिकतो. एका बेटावर निर्धोक असलेला मासा शेजारच्या बेटावर विषारी असू शकतो. मोकळ्या समुद्रातल्या टूनाच्या बाबतीत हा धोका जवळजवळ नसतो, कारण तो प्रवाळांच्या अन्नसाखळीत चरत नाही.

दुसरे कारण प्रवाळांचे आहे. पोपटमासा दिवसभर खडकावरचे शेवाळ खरवडून खात असतो; पाण्याखाली कान देऊन ऐकले तर त्याच्या दातांचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याने गिळलेला खडक पांढऱ्या बारीक वाळूच्या रूपाने बाहेर पडतो, आणि आपण ज्या किनाऱ्यावर बसतो त्यातली पुष्कळ वाळू अशीच तयार झालेली असते. तो मासा काढून घेतला की शेवाळ माजते आणि नव्या प्रवाळांना बसायला जागा उरत नाही.

भाल्याने मासे मारता येतात का? परवाना लागतो का?

नियम देशागणिक आणि बेटागणिक बदलतात. कुठे परदेशी पाहुण्यांना भालाबंदूक बाळगायलाही मनाई असते, कुठे गळ चालतो पण परवाना घ्यावा लागतो, आणि संरक्षित क्षेत्रांत काहीच चालत नाही. देशात प्रवेश करताना बंदरातच विचारून घ्यावे. ज्या गावासमोर नांगर टाकला आहे तिथल्या लोकांनाही विचारावे, कारण कायदा काहीही म्हणो, त्या प्रवाळभिंतीवर त्यांची पोटे अवलंबून असतात. एक अपवाद सांगायला हवा. लायनफिश हा मूळचा हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतला मासा कॅरिबियनमध्ये शिरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे, म्हणून तिथे अनेक ठिकाणी तो मारण्यास उत्तेजन दिले जाते.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणावेत का?

आणू नयेत. कठीण प्रवाळे, महाकाय शिंपले आणि राणी शंख यांची देशांच्या सीमा ओलांडून होणारी ने-आण साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केलेली आहे, आणि विमानतळावर अशा वस्तू जप्त होऊ शकतात. रिकामा दिसणारा शंख बहुधा एखाद्या संन्यासी खेकड्याचे घर असतो.

प्रवाळे पांढरी पडलेली दिसली, तर ती मेलेली समजावीत का?

लगेच नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला रंगही देते आणि बहुतांश अन्नही. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंशही काही आठवडे वर राहिले तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकते आणि त्याचा पांढरा सांगाडा पारदर्शक अंगातून दिसू लागतो. प्रवाळ त्या वेळी जिवंत पण उपाशी असते. पाणी लवकर निवले तर सावरते, नाहीतर काही आठवड्यांत त्यावर तपकिरी शेवाळ चढते. जगभरातल्या प्रवाळांवर आलेले असे चौथे संकट एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाले. अशा प्रवाळांजवळ पायातल्या वल्ह्यांनी वाळू उडवू नये, कारण ती झटकून टाकण्याचीही ताकद त्यांच्यात नसते. नौकेवर परतल्यावर तारीख, जागा, खोली आणि पाण्याचे तापमान नोंदवहीत लिहावे. पुढच्या वर्षी त्याच वाळूत नांगर टाकून त्याच ढिगावरून पुन्हा तरंगत जाता येते, आणि जुन्या नोंदीवरून तो सावरला की नाही ते कळते.